नस आणि श्वासाचा पडदा

जुन्या काळी भाताच्या पेंढ्यात एक उंदीर राहायचा. त्याच्या छातीत एक नस आणि श्वासाचा पडदा यांचा संसार होता. दोघांमध्ये केसाहून बारीक फट होती. नसेतून विजेची लहर धावत यायची, पण तिला ती फट ओलांडता येत नसे. म्हणून नस काठावरून थोडा रस पलीकडे फेकायची. तो पडद्याच्या दारांना लागला की पडदा हलायचा आणि उंदीर श्वास घ्यायचा. लहरी घाईने आल्या की रस जास्त, श्वासही मोठा.

एकदा उंदराला मण्यार चावली. हळूहळू पडदा थंडावला.

“अहो, हला की,” नस म्हणाली. पडदा ढिम्म. तिने लहरीवर लहर सोडली, होता नव्हता तो रस फेकला. “जन्मभर ऐकलंत आणि आज कानात बोळे घालून बसलात?” ती चिडली, मग रडकुंडीला आली. उंदराचे डोळे मिटत चालले.

विष पडद्याच्या दारादारांत ठाण मांडून बसलंय, हे तिला सांगणार कोण?

पलीकडे पडदा कान देऊन बसला होता. “आज ती बोलवत कशी नाही?” तो पुटपुटला. “रागावली असेल. राग उतरला की देईल हाक.”