नाझरेसाहेबांची पारख

आमच्या गावात कॅमेऱ्यांची पारख दोघांनाच होती. एक देव, दुसरे नाझरेसाहेब. त्यातही देवाबद्दल साहेबांना जरा शंकाच होती.

जुन्या कॅमेऱ्यांच्या त्यांच्या दुकानात एकदा वसुमतीबाई आल्या. वीस वर्षं पक्ष्यांचे फोटो काढून त्यांचा खांदा गेला होता, आणि आपली भलीमोठी, महागडी लेन्स कुठे विकावी हे ठरत नव्हतं.

साहेबांनी लेन्स डोळ्याला न लावताच नाक मुरडलं. "बुरशी धरलीय, बाई. हिच्यातून समोरची म्हैससुद्धा धूसर दिसेल. भंगाराच्या भावात घेतो, तेही तुमच्या वयाकडे बघून."

अशीच लेन्स घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक बाकावर बसून ऐकत होतं.

बाईंनी लेन्स आपल्या कॅमेऱ्याला लावली. रस्त्याच्या पलीकडे जाऊन दुकानाचा एक फोटो काढला आणि परत येऊन तो साहेबांपुढे धरला.

"तुमच्या मागच्या कपाटात अगदी अशीच लेन्स आहे, तिच्यावर किमतीची चिठ्ठी दिसतेय. माझी लेन्स पडली धूसर. तेवढा आकडा जरा वाचून दाखवता?"

साहेब चष्मा पुसू लागले. गिऱ्हाइकानं मात्र वाकून आकडा खणखणीत वाचला आणि विचारलं, "मावशी, तुमची लेन्स कुठे विकायची ते ठरलं का?"

"ठरलं की! याच दुकानात. फक्त दुकानदाराला नाही."