टिकली मुंगीचा चुरमुरा दगडाखाली

ऐका हं. मुंगी होती. मोहरीएवढी. नाव तिचं टिकली.

टिकलीने चुरमुरा आणला. ओढत ओढत आणला. स्वयंपाकघराच्या ओट्यात होता खळगा. खळग्यात ठेवला. म्हणाली, "पाणी पिऊन येते. मग खाते."

येऊन बघते तर काय! ओट्यावर नवा दगड. काळा काळा, गुळगुळीत. इकडे सिमेंट, तिकडे सिमेंट. शिरायला फटच नाही!

"अगं बाई! चुरमुरा माझा दगडाखाली!"

धोंडीमामा गवंडी चहा पीत होता. फुर्र, फुर्र. त्याला नळासाठी भोक पाडायचं होतं, नेमकं त्या खळग्याच्या वर. ड्रिल शेजारीच होतं.

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली मामाकडे.

"मामा मामा, भोक पाड. चुरमुरा माझा दगडाखाली."

मामा म्हणाला, "पाण्यावाचून? वा गं वा! ड्रिल तापेल, दगड तडकेल. पाण्याला सांग, भोकाच्या जागी थांब."

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली पाण्याकडे.

"पाण्या पाण्या, थांब ना. मामा भोक पाडेना. चुरमुरा माझा दगडाखाली."

पाणी म्हणालं, "थांबू कसं? दगड गुळगुळीत, मी जातं सुळ्ळकन! झाडाला करतात ना आळं, तसं कणकेचं गोल आळं कर. मग थांबेन."

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली कणकेकडे.

"कणके कणके, आळं हो. पाणी थांबेना. मामा भोक पाडेना. चुरमुरा माझा दगडाखाली."

कणीक म्हणाली, "मी कोरडी. फू केलं की उडते. आईला सांग, मला मळ."

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली आईकडे.

"आई आई, कणीक मळ. कणीक आळं होईना. पाणी थांबेना. मामा भोक पाडेना. चुरमुरा माझा दगडाखाली."

आई म्हणाली, "मळू कशी, बाई? बाळ कडेवर. सकाळपासून भोकाड पसरलंय! हसलं तर खाली ठेवीन."

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली बाळाकडे.

"बाळा बाळा, हस ना. आई मळेना. कणीक आळं होईना. पाणी थांबेना. मामा भोक पाडेना. चुरमुरा माझा दगडाखाली."

बाळ म्हणालं, "भ्यां! नाही हशनाल!"

"हसणार नाहीस? बघतेच!" टिकली चढली बाळाच्या तळपायावर. गुदुगुदु, गुदुगुदु!

बाळ हसलं, खुदुखुदु.
आईने कणीक मळली, थपथप.
कणीक झाली गोल आळं.
आळ्यात पाणी थांबलं, डबडब.
मामाने ड्रिल लावलं, घुर्रर्रर्र!

आणि भोक पडलं. टक्!

आळ्यातलं पाणी भोकात गेलं. गुडगुडगुड! खळगा भरला. आणि वर कोण आलं तरंगत?

चुरमुरा!

टिकलीने तो धरला आणि तोंड वाकडं केलं. "शी! भिजला की हो मेला!"

मामा म्हणाला, "चाखून तर बघ."

चाखते तर काय! मऊ मऊ, लुसलुशीत. टिकली तिथेच बसली, भोकाच्या काठावर. मचमच, मचमच.

मामा म्हणाला, "ऊठ गं टिकले, मला नळ बसवायचाय!"

टिकली म्हणाली, "जेवणाऱ्याला उठवू नये, मामा."

मामा काय करतो? त्याने आणखी एक चहा मागितला. फुर्र, फुर्र.

मुंगी जेवली, गोष्ट निजली. आता पाय पांघरुणात घ्या पाहू, नाहीतर टिकली येईल... गुदुगुदु, गुदुगुदु!