हिरोजीची निवळी

एका गावात धुके फार असे. सकाळी ते दरीतून वर येई, अंगणात बसे, आणि ऊन चढले की न सांगता निघून जाई. गावाभोवती मोहाची झाडे होती. फाल्गुन लागला की पहाटे फुले टपटप गळत. धुक्यात झाडे दिसत नसत, नुसता फुलांचा आवाज येई, आणि सगळे गाव गोड वासात बुडून जाई.

त्या गावात हिरोजी आणि गेनू नावाचे दोन भाऊ राहत होते. मोहाच्या फुलांचे आसव करावे तर त्यांनीच. दह्याला विरजण लागते तसे आसवालाही लागते. त्यांच्या घरात वाडवडिलांपासून चालत आलेले विरजण होते. दरवर्षी जुन्यातले थोडे नव्यात घालायचे, आणि नव्यातले थोडे पुढच्या वर्षासाठी राखायचे. चैत्रात देवीची जत्रा भरे, तेव्हा पहिली वाटी याच घरातून जाई.

हिरोजी शांत होता. गेनू आधी धावायचा, मग वाट विचारायचा.

आसवाचे मडके नुसत्या पाण्याने धुऊन चालत नाही. आत डोळ्यांना न दिसणारी घाण राहते आणि आसव नासते. म्हणून हिरोजी कळीचा चुना पाण्यात विरघळवी, तळाशी बसू देई आणि वरची स्वच्छ निवळी काढून घेई. त्या निवळीने मडकी धुवायची. मग उकळून गार केलेल्या पाण्याने विसळून ती उपडी घालायची. वापरलेली निवळी तो फडक्यातून गाळून पुन्हा बरणीत भरी. बरणी चिनी मातीची, अरुंद गळ्याची. ती काठोकाठ भरून, झाकण लावून, वरून मेण ओतून बंद करी.

एकदा गेनू कंटाळून म्हणाला, “दादा, धुऊन झालं ना? दे की ओतून. गटाराचं पाणी जपल्यासारखं काय जपतोस?”

हिरोजी हसला. त्याने वाटीत थोडी निवळी घेतली आणि वेळूची बारीक नळी बुडवून हळूच फुंकर घातली. स्वच्छ पाण्यात एक पांढरा ढग उठला.

“बघ. अजून जागं आहे. जागं पाणी ओतायचं नाही. आणि झोपलेलं ठेवायचं नाही.”

“आणि कसं कळायचं?”

“विचारायचं. दर खेपेला विचारायचं.”

गेनूला ढग फार आवडला. तो दिवसभर फुंकत बसला आणि वाटीभर निवळी त्याने वाया घालवली. हिरोजीने त्याच्या डोक्यात टपली मारली.

पौषात हिरोजीला ताप आला, आणि तापातच तो गेला.

गेनूला काही सुचेना. दादाचे कपडे वहिनीने वाटून टाकले. दादाची काठी कुणीतरी नेली. मग गेनूला ती बरणी आठवली. आतली निवळी दादाने स्वतःच्या हाताने केली होती. गेनूने मेण फोडले आणि आत डोकावून पाहिले. पाण्यात त्याचाच चेहरा दिसला. पण आकाश मागे होते आणि पाणी हलत होते, त्यामुळे चेहरा थोडा दादासारखाही दिसला.

“दादा,” तो बरणीच्या तोंडाशी वाकून म्हणाला, “गाय आटली रे.”

मग रोजचेच झाले. सकाळी धुके अंगणात असताना तो बरणी उघडी, आत वाके, आणि काय काय सांगत बसे. सांगण्यासारखे संपले की नुसते उसासे टाकी. काही दिवसांनी पाण्यावर पातळ पांढरी साय धरू लागली. गेनूला वाटले, दादाने पांघरूण ओढून घेतले. तो बोटाने साय बाजूला करी आणि पुन्हा बोलू लागे.

फाल्गुन आला. फुले गळू लागली. गेनूने टोपल्या भरल्या आणि मडकी काढली. बरणी उचलली, तशी त्याची वहिनी, सगुणा, दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात वेळूची नळी होती.

“भावजी, पाण्याला विचारलंत का?”

“दादाच्या हातचं पाणी आहे. त्याला काय विचारायचं?”

“तेच तर. त्यांच्या हातचं आहे म्हणून त्यांच्या रीतीनं विचारा.”

गेनूने नळी तिच्या हातून घेतली आणि कडकन मोडून टाकली. मग तो खाली बघू लागला. सगुणाने तुकडे उचलले आणि ती आत गेली. जाताना मात्र विरजणाच्या बुधलीतले वाटीभर विरजण तिने काढून घेतले.

गेनूने सगळी मडकी त्या निवळीने धुतली, एक थेंबही न सांडता ती बरणीत परत गाळली, आणि उरलेले सगळे विरजण फुलांवर ओतले.

आसव बोलू लागते तेव्हा मडक्यातून पावसासारखा बारीक आवाज येतो. या वेळी आवाज आलाच नाही. वास आला. गेनूने फडके सोडले. वर हिरवी-काळी बुरशी पसरली होती.

वाड्यावस्त्यांवर वास गेला. शेजारची धोंडाई नाकाला पदर लावून आली. मडक्यात बघून म्हणाली, “गेन्या, यंदा देवीला लोणचं घालतोस व्हय?”

कुणी हसले. गेनू हसला नाही. त्याने मडकी दरीत रिकामी केली.

घरी आला तेव्हा सगुणा चुलीजवळ बसली होती. तिने वाटी पुढे सरकवली.

“एवढंच उरलंय, भावजी. हेही नासलं, तर ह्यांच्या हाताची चव गेली. मग जन्मात कुणाला करता यायची नाही.”

गेनूने वाटी धरली. तरीही त्याची नजर बरणीकडेच गेली. कदाचित मडक्यांचाच दोष असेल. कदाचित फुलांचा. दादाच्या पाण्याचा कसा असेल?

विरजण वहिनीकडेच ठेवून तो बरणी आणि निवळी काढायला एक रिकामी वाटी घेऊन दरीत उतरला. तिथली मोहाची झाडे उशिरा फुलत; ती आत्ता कुठे गळायला लागली होती. नवी मडकी त्याने तिथेच आणून ठेवली होती. ती धुवायला तो बसला, पण बसल्याबसल्या त्याचा डोळा लागला.

त्याला दिसले, की हिरोजी पाठमोरा बसून मडकी धुतो आहे. फुले त्याच्या खांद्यांवर पडत होती आणि पडल्यापडल्या विरघळत होती.

“दादा!” गेनूने हाक मारली. “तुझं पाणी मी जपलंय बघ.”

हिरोजी वळला नाही. त्याने हातातली नळी तोंडाला लावली आणि फुंकर घातली. नळीतून धुके निघाले. ते झाडांत गेले, डोंगरावर गेले, सगळ्या दरीत भरून राहिले. गेनूला कळले, रोज सकाळी येते ते धुके हेच.

“जपलंस,” धुक्यातून आवाज आला. “विचारलंस का?”

गेनू जागा झाला. मांडीवर फुले पडली होती. शेजारी बरणी होती. त्याने वेळूची नवी नळी तोडली, वाटीत निवळी घेतली आणि फुंकर घातली.

ढग उठला नाही.

त्याने पुन्हा फुंकले. छाती दुखेपर्यंत फुंकले. नुसते बुडबुडे आले आणि फुटले. पाणी तसेच राहिले, स्वच्छ, कुणी नसलेल्या घरासारखे.

सगुणा त्याला शोधत खाली आली, तेव्हा तो वाटी पुढ्यात घेऊन रडत होता.

“वहिनी, हे कधी गेलं?”

सगुणा त्याच्या शेजारी बसली. “तुम्ही रोज बरणी उघडून बोलायचात. ढग श्वासानंच उठतो ना, भावजी? तुमचे श्वास, तुमचे उसासे, सगळे त्यात उतरत गेले. ती साय धरायची ना, तेच ढग होते. एकेक करून उठून गेले.”

“म्हणजे मीच संपवलं?”

“संपायचंच होतं ते. पण वाया नाही गेलं. तुमच्याशी बोलण्यात संपलं.”

गेनू उठला. हिरोजी झोपलेली निवळी मोहाच्या बुंध्याशी ओतायचा. गेनूनेही तिथेच बरणी तिरपी केली. पाणी मुळांत शिरताना एकदा चमकले आणि दिसेनासे झाले.

त्याने कळीचा चुना आणला. पाणी पडताच चुना फसफसला. तो तळाशी बसेपर्यंत गेनू थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तो कशासाठी तरी थांबला होता. मग वरची निवळी काढली, नळी बुडवली आणि भीत भीत फुंकर घातली.

पाण्यात ढग उठला. अगदी तसाच, पांढरा, हळूहळू पसरणारा. दादाच्या वाटीत उठायचा तसा.

गेनूने मडकी धुतली, विसळली, उपडी घातली. उरलेली निवळी गाळून बरणीत काठोकाठ भरली आणि मेण लावले. मग फुलांवर वहिनीने राखलेले वाटीभर विरजण ओतले. थोड्याच दिवसांत मडक्यातून बारीक पावसाचा आवाज येऊ लागला.

जत्रेला पहिली वाटी देवीपुढे गेली. प्रसाद म्हणून धोंडाईच्या तळहातावर चार थेंब पडले. तिने ते चाटले आणि डोळे मिटले.

“गेन्या,” ती म्हणाली, “हिरोजी आला होता का रे?”

“नाही, धोंडाई,” गेनू म्हणाला. “दादा गेला.”

हे तो पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, आणि पुढच्याच्या तळहातावर आसव घालायला वळला.

तात्पर्य: गेलेल्या माणसाने करून ठेवलेले आपण कितीही जपले तरी एक दिवस संपते; ते संपले का, हे धीर करून विचारावे, आणि त्याने शिकवलेले आपल्या हाताने पुन्हा करावे.