दीड वर्षाची गोळी

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बचत गटाच्या बैठकीत विक्रेते धुंडिराजपंत डबी नाचवत म्हणाले, "ही गोळी घ्या, वय जागच्या जागी थांबेल! रक्तदाबाच्या गोळ्या फेका!"

हेमांगीच्या सासूबाई खरंच आपल्या गोळ्या फेकायला उठल्या. बाळाच्या औषधांमुळे हेमांगीला मुदत संपायची तारीख वाचायची सवय. तिनं डबी उलटी केली.

"सातवी शिकलेली तू, तुला काय कळणार?" धुंडिराजपंत म्हणाले.

"वाचता येतं, साहेब. दीड वर्षात ही गोळीच बाद होते, असं तुम्हीच छापलंय. जिला स्वतःचं वय थांबवता येईना, ती आमच्या सासूबाईंचं काय थांबवणार?"

बायका खो खो हसल्या. सासूबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या परत पिशवीत ठेवल्या.

बायांनो, हे माहेरीही कळवा. तिथं कुणाची आई गोळ्या फेकायला उठली असेल.