वसुंधरेची मंद चाल

कृतयुगाचा तो उत्तरार्ध. हिमवान तेव्हा अजून पोरसवदा होता. त्याची शिखरे मेघांच्या वर गेली नव्हती, देवांनी त्यांच्यावर आपली आसने मांडली नव्हती आणि त्याच्या खांद्यांवरून उतरणाऱ्या कित्येक नद्यांना कोणी नावेही ठेवली नव्हती. त्या हिमवानाच्या दक्षिण उतारावर, देवदारांच्या दाटीत, महर्षी शिलायनांचा आश्रम होता. बारा वर्षांनी त्या आश्रमाची वाट चढताना महर्षींची एकुलती एक कन्या मेखला मनातल्या मनात सगळा सोहळा आधीच पाहत होती. शेवटच्या वळणावरच उखळा-मुसळांचा ठेका कानी येईल, डेऱ्यातून रवी घुमत असेल, दावी तोडून वासरे हुंदडत येतील आणि द्वाराशी उभे राहून तात त्यांच्या मेघगंभीर आवाजात विचारतील, ‘काय गं, समुद्रात काही पाणी शिल्लक ठेवलेस की नाही?’

वळण आले, द्वारही आले. आवाज मात्र कसलाच आला नाही.

मुसळे वल्कलांत गुंडाळून आढ्याला टांगलेली होती. वासरांच्या खुरांना मऊ गवताच्या जुड्या बांधल्या होत्या. मुले चवड्यांवर चालत होती, ऋषिपत्नी अख्खे धान्य शिजवून मुकाट्याने चावत होत्या आणि वेदमंत्र ओठांतल्या ओठांत पुटपुटले जात होते. दर सात पावलांवर जमिनीत खैराची एकेक जाड खुंटी रोवलेली होती. हसताना कोणीच दिसत नव्हते.

“सावकाश टाक पाऊल, पोरी,” वेदी मापायची रज्जू सांभाळणारा वृद्ध दर्भक पुढे येऊन कुजबुजला. “झोपली आहे ती.”

“कोण, काका?”

“धरित्री. आणखी कोण? बारा वर्षे अंगाई न म्हणता तिला झोपवतो आहोत आम्ही.”

मेखलेने खुंट्यांकडे पाहिले. “मग या ठोकल्या कशा?”

“ठोकतोय कसल्या? भूमी जागची हलू नये म्हणून दाबल्या. एकेका खुंटीवर चार चार धष्टपुष्ट ब्रह्मचारी बसवले. एक खुंटी खाली जायला पंधरवडा लागला. तेवढ्यात एकाचे सामवेदाचे आवर्तन पुरे झाले.”

मेखलेला हसू आले आणि लगेच ते विरलेही, कारण ही शांतता कशासाठी आहे हे आता तिला उमगले होते. बारा वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका पहाटे भूमी थरारली होती. क्षणार्धात आश्रमातल्या नऊ कुटी कोसळल्या आणि त्यांतल्या एकीखाली मेखलेची माता सुवाचा गेली. तेव्हा शिलायनांनी द्वादशवर्षीय यज्ञसत्र आरंभिले. साक्षात वसुंधरेने प्रकट व्हावे आणि एक वर द्यावा, हा त्या सत्राचा संकल्प होता. आठ वर्षांच्या मेखलेला त्यांनी दक्षिण समुद्रतीरी ऋषी वेलाधरांच्या आश्रमात धाडले. तिथे ती भरती-ओहोटीचे गणित शिकली, लाटांच्या वाटा शिकली, ओल्या वाळूवरचे शंखशिंपले ओळखायला शिकली. सत्र सुवाचेच्या स्मरणार्थ होते, म्हणून वर मागण्याचा अधिकार तिच्या कन्येचा होता. त्याच दिवशी सूर्यास्ताला शेवटची आहुती पडायची होती. काय मागायचे तेही ठरलेले होते. ‘माते, स्थिर हो.’ बारा वर्षे मेखलेने समुद्राकडे तोंड करून हे तीन शब्द रोज घोकले होते.

महर्षींनी तिला पोटाशी धरले. त्यांचे केस पांढरेशुभ्र झाले होते आणि आवाज त्या आश्रमासारखाच विझलेला होता.

“आलीस, वत्से. आता माझे काम संपले.”

दुपारी दर्भक शेवटची वेदी आखायला निघाला, तेव्हा मेखला त्याच्यासोबत गेली. आश्रमामागच्या खडकाला एक लांबच लांब भेग होती आणि भेगेच्या दोन्ही अंगांना सात पिढ्यांपूर्वी रोवलेला एकेक शिळास्तंभ होता. या दोन स्तंभांमध्ये जी मुंज गवताची रज्जू ताठ बसे, तीच वेदीचे माप मानायची तिथली रीत होती. मेखला दक्षिणेला निघाली तेव्हा पितापुत्रींच्या वेदी एकाच मापाच्या असाव्यात, म्हणून महर्षींनी तिलाही तशीच रज्जू वळून दिली होती. कौतुकाने तिने ती झोळीतून काढली आणि दर्भकाच्या रज्जूशेजारी गवतावर पसरली.

तिची रज्जू एक वीत लांब भरली.

“समुद्रावरच्या दमट हवेने सैल झाली असेल,” दर्भक घाईघाईने म्हणाला.

“काका, ओली मुंज आखडते. सैल होत नाही.”

दर्भकाने इकडेतिकडे पाहिले आणि तो मटकन खाली बसला. “कोणाला सांगू नकोस. दर वर्षी वेदी आखताना रज्जू अंगुळभर ढिली पडते. मी तेवढी कापून टाकतो. माझे गुरूही कापायचे, त्यांचे गुरूही कापायचे. आम्हाला वाटे, दवाने दोरी लांबते आहे.”

“सात पिढ्या?”

“सात पिढ्या.”

“आणि एकालाही वाटले नाही की स्तंभच जवळ येत असतील?”

“अगं, दगड चालतील असे कुणाच्या मनात येईल? शिवाय दोरी कापून घेते, तक्रार करत नाही. महर्षींना सांगायला गेलो असतो तर त्यांनी मलाच कापले असते.”

मेखला भेगेपाशी वाकली. बारा वर्षांत बारा अंगुळे, म्हणजे बरोबर एक वीत. खडकाच्या उघड्या पडलेल्या थरात तिला वेटोळ्याची एक खूण दिसली. तिने बोट फिरवून पाहिले. तो शंख होता, दगड झालेला. दक्षिण समुद्राच्या ओहोटीत रोज पहाटे तिच्या पायांना लागत, त्याच कुळातला. इथून समुद्र पायी सहा महिन्यांच्या वाटेवर होता. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली आणि बारा वर्षे घोकलेले तीन शब्द तिच्या मनात पहिल्यांदा अडखळले.

सूर्य मावळतीला टेकला आणि महर्षींनी अखेरची आहुती दिली. अग्निज्वाला शांत झाल्या, वारा पडला आणि वेदीसमोरची माती कमळासारखी उमलली. तिच्यातून समुद्रवसना, पर्वतस्तनी, सर्वंसहा भगवती वसुंधरा प्रकटली. तिच्या अंगावर अरण्यांची हिरवी वस्त्रे होती, कटीभोवती नद्यांची रुपेरी मेखला होती आणि तिच्या त्वचेवर जागोजाग सांधे दिसत होते, तुटलेले भांडे कोणी निगुतीने जुळवावे तसे. त्या सांध्यांतून आतला तांबूस प्रकाश झिरपत होता.

“शिलायना,” ती म्हणाली, “बारा वर्षे माझ्यासाठी एवढे हळू कोणी चालले नव्हते. तुझ्या सत्राने मी प्रसन्न आहे. वर मागा.”

मेखला पुढे झाली. सारा आश्रम श्वास रोखून उभा होता.

“माते, वराआधी एक विचारू? तू चालतेस का?”

सभेत कुजबुज उसळली. महर्षी खालच्या स्वरात म्हणाले, “वत्से, ही प्रश्न विचारण्याची वेळ नव्हे. जे ठरले आहे ते माग.”

पण वसुंधरेचे मुख प्रसन्न झाले होते. “विचारू दे तिला. माझ्यापुढे सारे मागायलाच उभे राहतात. विचारणारी ही पहिलीच. ऐक, कन्ये. दूध तापवून ठेवले की त्यावर साय धरते ना? तशी मी आदिकाळी निवाले, तेव्हा माझ्यावर शिळेची साय धरली. पण आतले दूध अजून तापलेले आहे, ते सावकाश ढवळते आहे, म्हणून साय एकसंध राहिली नाही. तिची मोठमोठी शकले झाली. तुमचे देश, तुमची अरण्ये, समुद्रांचे तळ, सारे त्या शकलांवर बसून चालले आहे. महासागराच्या तळाशी दोन शकले एकमेकांपासून दूर सरतात, तिथे आतला अग्नी वर येऊन नवी भूमी होतो. जिथे एक शकल दुसऱ्याखाली जाते, तिथे जुनी भूमी पुन्हा माझ्या उदरात विरघळते आणि वरचे पर्वत ज्वाला ओकतात. आणि जिथे दोन्ही शकले मागे हटत नाहीत, तिथे साय गोळा होते, तिला चुण्या पडतात. तुझा हिमवान म्हणजे अशी एक चुणी.”

“म्हणजे दक्षिण भूमी—”

“ती दूर दक्षिणेच्या हिमभूमीपासून तुटून निघाली होती. मध्ये विशाल समुद्र होता. एके काळी ती वर्षाला वीतभर धावत होती, आता अंगुळभर चालते. समुद्र मिटला आणि त्याचे शंख पर्वताने पाठीवर घेतले. आज तू ज्याला हात लावलास, तो तिथलाच.”

मेखला मागे सरली नाही. “आणि माझी माता? ती कोणत्या चुणीत गेली? तू सर्वंसहा म्हणवतेस. तुला एवढेही सोसले नाही?”

महर्षींनी डोळे मिटले. वसुंधरा मेखलेकडे वळली.

“दोन शकले एकमेकांत अडकतात, कन्ये. वर्षानुवर्षे अडकून राहतात आणि मी तो ताण सोसते. मग एके दिवशी ती निसटतात. त्यात राग नसतो. त्या पहाटे सुवाचा बाजरी कांडत होती, गात होती. तिचे गाणे माझ्या अस्थींपर्यंत पोहोचत असे. मुसळांनी मी कधीच जागी झाले नाही, कारण मी झोपतच नाही. हलले मीच. पण तिच्यावर जे पडले, ते मी रचलेले नव्हते.”

तेव्हा शिलायन जमिनीवर बसले. त्यांच्या तोंडून बारा वर्षांत प्रथमच मोठा आवाज निघाला.

“ते मी रचले होते. गवताचे छप्पर महर्षीला शोभत नाही असे मला वाटले. सुवाचा नको म्हणत होती. मी आठ ब्रह्मचाऱ्यांकडून दगडी शिळा वर चढवल्या. आणि ती गेल्यावर सगळ्यांच्या कुटींवर मी त्याहून जड शिळा चढवल्या, की जड घर हलणार नाही. देवी, तू स्थिर हो. तू स्थिर झालीस तर ते दगड पुन्हा कुणावर पडणार नाहीत. मला दुसरे काही नको.”

“मी स्थिर होऊ शकते,” वसुंधरा म्हणाली. “वर दिला तर पाळेन. पण आधी मोल ऐका. पाऊस आणि नद्या पर्वतांना रोज कणाकणाने झिजवून समुद्रात नेतात. मी चालते, म्हणून नवे पर्वत उठतात. थांबले, तर काही युगांत सारी भूमी सपाट होईल, मग चिखल होईल, मग तिच्यावरून समुद्र फिरेल. नवी माती येणार नाही आणि आतला अग्नी आतच कोंडेल. हे तुमच्या नातवांच्या काळात होणार नाही. फार पुढे होईल. म्हणून तर निवड कठीण आहे. कन्ये, सूर्योदयाला उत्तर दे.” एवढे बोलून ती मातीत मिटली.

मेखला पित्याजवळ बसली. तिने त्यांचा हात हातात घेतला.

“तात, मी इथवर ते तीनच शब्द घेऊन आले होते.”

“मग तेच माग. सत्राचे पुण्य माझे आहे, आणि ते मी एवढ्यासाठीच साठवले.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “मला तो आवाज पुन्हा ऐकायचा नाही, मेखले. शिळा सरकल्याचा.”

सूर्योदयाला तिला अजून न जन्मलेल्यांच्या वतीने बोलायचे होते आणि जवळ बसलेल्या एका माणसाचे दुःखही विसरायचे नव्हते.

पूर्वेला तांबडे फुटले. वेदीसमोर माती उमलली. वर मागताना यजमानाने याचकाच्या ओंजळीत पाणी घालायचे असते. ते घातले नाही तर वर फळत नाही. मेखलेने ओंजळ पुढे केली आणि महर्षी कमंडलू हातात धरून तसेच उभे राहिले.

“माते,” मेखला म्हणाली, “तू चालत राहा.”

आश्रमातून हुंदका उठला. ती थांबली नाही.

“समुद्र मिटव, पर्वत उठव, जुनी भूमी वितळव, नवी घडव. एकच मागते. पुन्हा कधी वीतभर धावू नकोस. माणसाचे नख वाढते तेवढीच तुझी चाल असू दे, म्हणजे पर्वत वाढताना त्याच्या अंगाखांद्यावर आमच्या पिढ्याही वाढतील.”

“कंप थांबणार नाहीत, कन्ये.”

“ठाऊक आहे. त्यांचे आम्ही बघू.”

तिने वडिलांकडे पाहिले. मग शिलायनांनी कमंडलू कलता केला आणि पाण्याची धार तिच्या ओंजळीत पडू लागली. थोडे पाणी बाहेरही सांडले.

“तथास्तु,” वसुंधरा म्हणाली. “आजपासून माझी शकले नखाच्या चालीने चालतील. हा हिमवान वाढत राहील, त्याच्या शिखरांवर देव येतील, त्याच्या हिमातून नद्या उतरतील आणि खालच्या साऱ्या मैदानांवर माती पसरतील. ती माती खाऊन जे जे जगेल, ते तुझ्या वराने जगेल.”

ती अदृश्य झाली. गेल्या सात पिढ्या चालले होते तसेच, कोणाला न कळता, दोन्ही स्तंभ एकमेकांकडे सरकत राहिले. दर्भक सर्वांच्या मागे उभा राहून मोठ्याने शिंकला आणि बारा वर्षांच्या सवयीने लगेच तोंडावर हात ठेवला. कोणी त्याला गप्प केले नाही.

“आता काय करायचे, वत्से?” महर्षींनी विचारले.

मेखलेने उत्तरीय कमरेला खोचले. “दक्षिण तीरावर लाकडी नौका मी रोज पाहत होते, तात. लाट आली की त्या हलतात, म्हणून फुटत नाहीत. आपण देवदाराची घरे बांधू, सांध्यासांध्यात हलणारी, वर गवत. मी आता परत जाणार नाही. एकेक घर उभे राहीपर्यंत इथेच आहे.” ती महर्षींच्या कुटीकडे चालू लागली, नेहमीच्या पावलांनी, टाचा टेकवून. “या. पहिली शिळा आपण दोघे उतरवू.”