एक खूण, एक बिऱ्हाड

त्या टेकडीवर प्रत्येक बिळाच्या तोंडाशी एक दगड होता आणि दगडावर एक खूण. एका खुणेवर एकच बिऱ्हाड. तीच खूण दुसऱ्या कुणी सांगितली, की जुना बाहेर आणि नवा आत, जुन्याला ती खूण पुन्हा सांगता यायची नाही, असा कायदा. मोजणी व्हायची ती दगडांची. मोजणीदार सरडा रोज एकेका दगडापुढे मान हलवत जायचा आणि वरच्या गुहेत अस्वलमहाराजांना आकडा सांगायचा. बिळात डोकावायची तसदी त्याने कधी घेतली नाही.

तीन रेघांच्या दगडामागे साळू साळिंदरीची म्हातारी आई राहायची. बीळ उबदार, पाणी जवळ. महाराजांच्या मेव्हण्याच्या, तरसाच्या, ते डोळ्यांत भरलं. तो सरड्यापुढे जाऊन म्हणाला, "माझी खूण तीन रेघा." सरड्याने मान हलवली. झालं. दुपारी म्हातारी पायथ्याशी उघड्यावर पडली होती, आणि थंडी तर अशी की ही काही माघ काढत नाही हे दिसतच होतं.

साळूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक सरड्याला आडवी झाली. "माझी आई बेघर झाली. आजचा आकडा एकानं कमी सांग."

"कमी कसा?" सरडा म्हणाला. "काल होते तेवढेच आज आहेत. उगाच कांगावा करू नका, साळूबाई."

"मग खाली कुडकुडतेय ती कोण?"

"तिची खूण कुठली?"

"तीन रेघा."

"तिथे तर तरसराव आहेत," सरडा म्हणाला आणि पुढच्या दगडाकडे वळला.

साळू महाराजांकडे गेली. अस्वल पंजाचा मध चाटत होतं. "माझ्या राज्यात एक जीव कमी झालेला नाही," ते म्हणालं. "आकडा बघ." आकडा काय पांघरायचा होता म्हातारीने? मेल्यांना लाज कशी ती नाही.

साळू परत निघाली तेव्हा सरडा एका बिळापुढे मान हलवत होता. त्यातला ससा पावसाळ्यातच मेला होता. मग सरडा वर गेला आणि गुहेच्या दगडापुढे, कोरलेल्या सूर्यापुढे, तशीच मान हलवून आला. साळू ते बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी अस्वल मधाला गेलं. साळूने आईला ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत गुहेपर्यंत आणलं. सरडा आला.

"आई, खूण सांग."

म्हातारी धापा टाकत म्हणाली, "सूर्य."

सरड्याने मान हलवली. म्हातारी आत गेली.

अस्वल परतलं तर गुहेच्या तोंडाशी साळू पाठ करून, सगळे काटे फुलवून उभी. आत घुसायला गेलं आणि नाकात चार काटे घेऊन मागे आलं. त्याने तरसाला हाक मारली. तरस बिळात आणखी खोल सरकला. मग ते सरड्यावर गरजलं, "मोजणी कर. राज्यातला राजाच कमी झालाय."

सरडा टेकडीभर धावला, एकेका दगडापुढे मान हलवून आला. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"मोजणी पुरी आहे. एकही कमी नाही."

"अरे, मी कमी आहे."

"आपली खूण कुठली?" सरड्याने विचारलं.

वारा सुटला. अस्वल पायथ्याशी उतरलं. गवतात म्हातारीच्या अंगाचा खळगा अजून तसाच होता. त्यात त्याचं अंग मावेना.