लाल रेघेतलं घर

"एकही तुटक रेघ नाही?" भुसारी सरांनी नकाशावरून मान वर न करता विचारलं.

"एकही नाही, सर."

आल्हादने हे अशा थाटात सांगितलं, की जणू जमिनीखालचे दगड त्यानेच रचून ठेवले होते.

भूशास्त्राच्या एमएस्सीला नकाशाचा नियम सोपा असतो. एक दगड संपून दुसरा सुरू होतो ती जागा डोळ्यांनी दिसली, तर अखंड रेघ ओढायची. ती माती, पीक, घरदार यांच्याखाली झाकलेली असली आणि तुम्ही नुसता अंदाज बांधला असला, तर तुटक. वर्गातल्या बाकीच्यांचे नकाशे शिंप्याने धावदोरा घातल्यासारखे दिसत होते. आल्हादची लाल रेघ मात्र ट्रेसिंगच्या कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बिनदिक्कत गेली होती.

उद्या बारापर्यंत नकाशावर सरांची सही हवी होती. सही नाही तर तोंडी परीक्षा नाही, आणि वर्ष गेलं पाण्यात. महिनाभर वणीकडच्या शिबिरात राहून काट्याकुट्यांतून फिरलेल्या पोराला याची धास्ती असायला हवी होती. आल्हादला कसली धास्ती? तो पेनाचं टोपण काढूनच उभा होता.

सरांनी पेन घेतलं नाही. त्यांनी कॅनव्हासचे बूट चढवले.

"चल, दाखव."

शिबिरापासून पाऊण तास चालल्यावर आल्हाद थांबला.

"इथे?"

"इथेच, सर. रेघ इथूनच जाते."

समोर तुरीचं शेत होतं. त्यापुढे एक गोठा आणि कौलारू घर.

"काळा दगड कुठे दिसला?"

"मागच्या नाल्यात."

"लाल वालुकाश्म?"

"घरापलीकडे, रस्त्याच्या कडेला."

"आणि मधे?"

"मधे... रेघ आहे, सर."

सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"रेघ किती जाड?"

"एक मिलिमीटर."

"जमिनीवर किती?"

आल्हादने मनात हिशेब केला. एकास पन्नास हजार प्रमाणाचा नकाशा.

"पन्नास मीटर."

"मोज."

आल्हाद पावलं मोजत निघाला. तुरीतून गेला, कुंपण ओलांडलं, गोठ्यातल्या शेणात एक पाय घातला आणि पन्नास मीटर भरले तेव्हा थेट ओट्यावर, ज्वारी पाखडत बसलेल्या म्हातारीच्या पुढ्यात उभा राहिला. तिचं नाव गिरजाबाई.

मागून आलेल्या सरांनी नमस्कार केला.

"आजी, तुमचं घर ह्याच्या रेघेत आलंय."

सूप जागच्या जागी थांबलं.

"कायची रेघ? रस्ता येऊन राह्यला का?" गिरजाबाई कंबरेवर हात ठेवून उठली. "मागच्या सालीबी दोघं असेच पावलं मोजत आले होते. मी नाई देत घर! आत्ताच सांगून ठेवते!"

"रस्ता नाही हो, आजी!" आल्हादने गुंडाळलेला नकाशा घाईघाईने उलगडला. "जमिनीखाली दगड बदलतो. इकडे काळा, तिकडे लाल. त्याची रेघ आहे."

"माह्या घराखाली?"

"हो."

"तू पाह्यला?"

आल्हादने सरांकडे बघितलं. सर बाजेवर बसून बकरीला तुरीच्या शेंगा चारत होते. जगात दुसरं काही महत्त्वाचं काम नसावं, अशा तन्मयतेने.

"पाह्यला का नाई, सांग ना बाबू."

"नाही, आजी."

महिन्याभरात 'पाहिलं नाही' ही कबुली त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाली. त्याला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर जरा हलकंही वाटलं.

"मंग पाह्यल्याबिगर लाल रेघ कायले काढली?"

आल्हाद वर्गात पहिला होता. पण हा प्रश्न त्याला आजवर कुठल्याच पेपरात आला नव्हता.

सरांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं दाढीचं अर्धं पातं काढलं आणि बाजेवर ठेवलं. ट्रेसिंगच्या कागदावरची शाई पुसून जात नाही, ती खरवडावी लागते.

ऊन गोठ्याच्या भिंतीपर्यंत उतरलं तरी आल्हाद खरवडत होता. मधे गिरजाबाई कोरा चहा घेऊन आली.

"माह्या घरावरची निघाली का?"

"निघाली, आजी."

"पाहू."

तिने नकाशा उलटा धरून बारकाईने तपासला, तेव्हा कुठे चहाचा कप त्याच्या हातात पडला.

शेवटी सगळ्या नकाशावर अखंड रेघ तीनच ठिकाणी उरली. एक खदान, एक नाल्याचं वळण आणि एक रेल्वेची खोदाई. बाकी सगळा धावदोरा. आल्हादने नकाशा सरांपुढे धरला. या खेपेला टोपण पेनालाच होतं.

सरांनी पेन मागून घेतलं. टेकवलं... उचललं. जरा पुढे टेकवलं... पुन्हा उचललं. असं करत करत त्यांनी सही पुरी केली. 'भु'चा गोल तेवढा सलग होता, पुढचे सगळे तुकडे तुकडे.

आल्हादचा चेहरा उतरला.

"सर, असली सही ऑफिसात घेतील का? विचारतील, बाकीची सही कुठाय?"

सर बूट झटकत उठले.

"मातीखाली आहे म्हणून सांग."